बर्गलर अलार्मच्या पॅनेलमधील एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो : मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या घरातील वायरिंगच्या बर्गलर अलार्मच्या (चोर शिरल्यास वाजणाऱ्या यंत्रणेच्या) कीपॅडवर गेल्या आठवड्यापासून 'फ्यूज फॉल्ट' असा संदेश येतो, आणि तो आला की सातही मोशन सेन्सरचे दिवे विझून त्यांचे झोन (पॅनेल ज्यांवर वेगवेगळे लक्ष ठेवते ते विभाग) उघडे असल्याचे दिसते. पॅनेलमध्ये बॅटरीसाठी, सायरनसाठी आणि सेन्सरांना १२ व्होल्ट पुरवणाऱ्या लाइनसाठी असे वेगवेगळे फ्यूज आहेत. कीपॅडची लाइन स्वतंत्र असल्यामुळे तो चालू राहतो. उडतो तो दर वेळी सेन्सर-लाइनचा १ अँपिअरचा, २० मिलिमीटर लांबीचा काचेचा फ्यूज. पहिल्यांदा तो डोळ्यांना अगदी शाबूत दिसत होता. तार धातूच्या टोपीच्या आत तुटली होती आणि ते मल्टिमीटर लावल्यावरच कळले, त्यामुळे नुसते पाहून फ्यूज चांगला ठरवण्याची सवय मी सोडली आहे.

मूळ फ्यूजच्या जागी त्याच रेटिंगचा नवा बसवला, तो चार दिवस टिकला. दुसरा संध्याकाळी बसवला, तो दुसऱ्या दिवशी सकाळीच उडाला. मेन्सचा पुरवठा बंद करून, बॅटरीची वायर काढून आणि सगळ्या सेन्सरांच्या वायरी टर्मिनलमधून सोडवून प्रत्येक केबल मीटरने तपासली, तर कुठेही शॉर्ट नाही. सर्व पुन्हा जोडून फ्यूजच्या जागी मीटर लावून करंट मोजला, तो जेमतेम ११० मिलिअँपिअर आला, म्हणजे ओव्हरलोडचा प्रश्न उद्भवत नाही. बॅटरी जुनी झाली आहे. दोष तिचा असू शकेल का? आणि तोवर २ अँपिअरचा फ्यूज घालून काम भागवावे का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मुळीच नाही. सेन्सरांना जाणाऱ्या वायरी बारीक असतात, आणि मोठा फ्यूज घातल्यास शॉर्टच्या वेळी फ्यूजऐवजी ती वायर किंवा पॅनेलचा सर्किट बोर्ड तापतो. उडालेल्या फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळून तो चालवण्याबद्दल तर बोलायलाच नको.

बॅटरीवर संशय घेण्याचेही कारण दिसत नाही. तिचा एखादा सेल आतून शॉर्ट झाला तर ती चार्जिंगचा करंट भरमसाट ओढेल आणि त्याचा भार तिच्या स्वतःच्या फ्यूजवर व चार्जरवर येईल, सेन्सर-लाइनच्या फ्यूजवर नव्हे. झोनच्या, म्हणजे सेन्सरचा इशारा पॅनेलकडे नेणाऱ्या, वायरी एकमेकींना चिकटल्या तरी हा फ्यूज उडत नाही, कारण त्या वायरींतून रेझिस्टरमुळे अगदी थोडाच करंट वाहतो. तिथे झोनचा किंवा टॅम्परचा (कोणी छेडछाड केल्याचा) फॉल्ट दिसेल. तेव्हा दोष सेन्सरांच्या पुरवठ्याच्या प्लस आणि मायनस वायरींमध्येच आहे, आणि तो अधूनमधून होणारा शॉर्ट असल्यामुळे आपल्या मीटरला सापडला नाही.

फ्यूज वाया न घालवता तो पकडण्याची एक जुनी युक्ती आहे. फ्यूज काढून त्याच्या होल्डरच्या दोन टोकांना १२ व्होल्ट, ५ वॅटचा गाडीतला छोटा बल्ब जोडावा. नेहमीच्या ११० मिलिअँपिअरला तो फार तर मंद लाल दिसेल आणि सेन्सर चालत राहतील. शॉर्ट होताच तो लख्ख पेटेल, पण करंट साधारण ०.४ अँपिअरच्या पुढे जाऊ देणार नाही. बल्ब लावून प्रत्येक केबल हलवून पाहावी आणि तो पेटला की एकेका सेन्सरची प्लस वायर सोडवत जावे. त्याआधी पॅनेलच्या इव्हेंट लॉगमध्ये प्रत्येक वेळी फॉल्ट किती वाजता नोंदला गेला ते बघा, आणि त्या वेळी घरात काय चालले असते ते आठवा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. लॉगमध्ये सगळ्या नोंदी सकाळी सातच्या आसपासच्या निघाल्या. ही नोंद माझ्या हाताशी पहिल्या दिवसापासून होती आणि मी तिच्याकडे पाहिलेही नव्हते! त्या वेळी घरातले मागचे दार उघडले जाते. बल्ब लावून ते दार उघडले, काही झाले नाही. दहा-बारा वेळा उघडझाप केल्यावर मात्र तो क्षणभर लख्ख पेटून विझला. त्या दाराजवळच्या सेन्सरची प्लस वायर सोडवल्यावर दार कितीही आपटले तरी बल्ब पेटला नाही.

त्या सेन्सरची केबल चौकटीच्या कडेने नेलेली आहे आणि ती धातूच्या यू-पिनांनी ठोकलेली आहे. त्यांतली एक पिन केबलच्या आवरणात रुतली होती. तिचा एक पाय लाल वायरच्या तांब्याला टेकलेला होता, तर दुसऱ्याने काळ्या वायरचे आवरण कापले होते. चौकटीला धक्का बसला की दोन्ही वायरी पिनेतून जोडल्या जात.

केबलचा तो तुकडा काढून नवा घातला आहे. एक शंका उरली आहे : सांधे सोल्डर करून हीट-श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली आहे, तेवढे पुरेल का, की सांध्यांसाठी टॅम्पर स्विच असलेला जंक्शन बॉक्स बसवणे आवश्यक आहे?

प्रतिसाद

सोल्डरचा सांधा विजेच्या दृष्टीने उत्तम आहे. मात्र तो दाराजवळ हाताला लागण्यासारख्या जागी असेल तर टॅम्पर असलेला बॉक्स अवश्य बसवा आणि त्याचा स्विच त्या सेन्सरच्या टॅम्परच्या वायरींत सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडा. उरलेल्या धातूच्या पिनाही काढून प्लॅस्टिकच्या क्लिपा ठोका, आणि फ्यूज परत बसवताना आधी मेन्स व बॅटरी दोन्ही बंद करायला विसरू नका.