चिनी वाचायला मेंदूला हात लागतो का?

बोरूबहाद्दर
"चिनी म्हणजे चित्रं, म्हणून ती मुलं उजव्या मेंदूने वाचतात" हा निरोप पुन्हा फिरतोय. तो आधी निकालात काढू. चिनी वाचतानाही मुख्य काम डाव्या मेंदूतच चालतं. आणि बहुतेक अक्षरं चित्रं नाहीतच. एका भागात अर्थाची खूण, दुसऱ्यात उच्चाराची. 'छिंग' उच्चाराचा एक घटक घ्या. पाण्याची खूण लावली की 'स्वच्छ', सूर्याची लावली की 'निरभ्र', बोलण्याची लावली की 'विनंती'. उच्चाराचा चढउतार, म्हणजे सूर, बदलतो, छिंग कायम.

माझा मुद्दा वेगळा आहे. चीनमधल्या शाळांत एकेक अक्षर रेघांच्या ठरलेल्या क्रमाने वहीभर गिरवून घेतात, हवेत बोटाने काढून घेतात. आपल्याला ही निव्वळ घोकंपट्टी वाटते. पण तिथलं वाचन या गिरवण्यावरच उभं आहे, असं माझं ठाम मत आहे. मेंदू आणि वाचनाचे संशोधक ली हाय तान आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये बीजिंगच्या मुलांवरचा अभ्यास छापला. ज्यांचा लिहिण्याचा हात चांगला, त्यांचं वाचन चांगलं. इंग्रजी वाचनात आवाज सुटे करून ओळखण्याला जेवढं महत्त्व असतं, तेवढं इथे दिसलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याच गटाने डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचनात अडचण, असलेल्या चिनी मुलांचे मेंदू स्कॅन केले होते. इंग्रजीत अडणाऱ्या मुलांत जिथे काम मंदावतं, तिथे यांचा घोटाळा नव्हता. मंदावला होता डाव्या कपाळामागचा भाग. 2013 मध्ये तिसरी ते पाचवीच्या हजारो मुलांची पाहणी झाली. जी मुलं पिनयिनने, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून, जास्त लिहीत होती, त्यांचं वाचन कमी पडलं.

तेव्हा चौथीपर्यंत कीबोर्ड बंद ठेवावा. कोण काय म्हणतं?

शंकासुर
म्हणतो की घाई होतेय. 2005 आणि 2013, दोन्हींत दोन गोष्टी एकत्र दिसल्या एवढंच. ज्या मुलाला वाचायला आवडतं ते लिहीतही जास्त असेल. जे तासन्तास स्क्रीनवर असतं, त्याचं पुस्तक आधीच सुटलेलं असेल. यातून हात कारण आणि वाचन परिणाम असं कसं ठरलं?

स्कॅनचं म्हणाल, तर ती मुलं मोजकी होती. 2010 मध्ये दुसऱ्या एका गटाने इंग्रज आणि चिनी, दोन्हीकडच्या डिस्लेक्सिक मुलांची शेजारी शेजारी तुलना केली. त्यात दोघांच्या मेंदूतला बिघाड बराचसा सारखा निघाला. चिनी मेंदू वेगळा, ही बातमी छापायला सोपी असते.

तैपेकर
माझी मुलगी तैपेच्या साध्या सरकारी शाळेत जाते, म्हणून लिहितो. तैवानात पहिलीत सुरुवातीचे 10 आठवडे झुयिन शिकवतात. 37 उच्चारचिन्हं. पुढे लहान मुलांच्या पुस्तकांत प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला ती चिन्हं छापलेली असतात. म्हणजे मूल अनोळखी अक्षर आधी आवाजातून सोडवतं आणि तो आवाज त्याच्या बोलण्यातल्या शब्दाला जाऊन चिकटतो.

इथे सगळे अक्षर-अक्षर करताहेत. मूल वाचतं ते शब्द, आणि चिनीत बहुतेक शब्द दोन अक्षरांचे. वर दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत! शब्द कुठे तुटतो ते मुलालाच ठरवावं लागतं. 'आग' आणि 'गाडी' मिळून आगगाडी, हे सरळ. पण 'फूल' आणि 'जन्म' मिळून शेंगदाणा, हे आधी ऐकलेलं नसेल तर गिरवून गिरवून वही फाटली तरी कळणार नाही. त्यात एकाच उच्चाराची डझनभर अक्षरं. यातलं कुठलं इथे बसतं, हे शब्दांची जाण ठरवते. माझ्या मते खरी कसरत तिथे आहे, मनगटात नाही.

खोडरबर
बोरूबहाद्दर, एक साधा प्रश्न. चिनी मोठी माणसं पेन हातात घेतली की अक्षर विसरतात, ही तिथली नेहमीची तक्रार आहे. 'शिंक' लिहायला सांगितलं तर भलेभले अडतात. पण तोच शब्द छापलेला दिसला की क्षणात वाचतात. हात विसरला, डोळा विसरला नाही. मग वाचन हातावर उभं कसं?

बोरूबहाद्दर
खोडरबर, ही माणसं लहानपणी लिहूनच शिकली. घर बांधून झाल्यावर परांची काढली, म्हणून परांची नकोच होती असं होत नाही.

तैपेकर, शब्दांच्या जाणिवेचं पटलं. पण हाँगकाँगची मुलं पाहा. तिथे झुयिन नाही, शाळेत पिनयिनवर भरही नाही. बालवाडीपासून थेट अक्षरं, आणि तीही जुन्या, जास्त रेघांच्या वळणाची. ती मुलं वाचतातच ना? शंकासुर, तुमच्यासाठी: मेंदूशास्त्रज्ञ दहेन यांच्या गटाने 2012 मध्ये फ्रेंच आणि चिनी वाचकांची तुलना केली. डोळ्याने आकार ओळखणारा भाग दोघांत जागा होतो, आणि हाताच्या हालचालींशी जोडलेला भागही दोघांत.

शंकासुर
दोघांत! म्हणजे तुमचा 'चिनी मुलांना खास हात लागतो' हा दावा गेला. शिवाय ते प्रौढ होते, धागा मुलांचा आहे.

हाँगकाँगच्या मुलांना आवाज लागत नाही असंही नाही. अनोळखी अक्षर आलं की चिनी वाचक अर्धा भाग वाचून अंदाज ठोकतो, त्यावर त्यांच्यात म्हणही आहे. तुमच्याच 'छिंग'ला डोळ्याची खूण लावली की उच्चार 'जिंग' होतो. मूल तिथे 'छिंग' वाचून चुकतं. हातावर वाचणारं मूल अशी चूक का करेल?

बोरूबहाद्दर
चूक मान्य, आवाजही मान्य. पण नुसता योगायोग म्हणत होतात ना? 2011 मध्ये अमेरिकेत चिनी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर खरोखरचा प्रयोग झाला. काही अक्षरं हाताने लिहून शिकायची, काही पिनयिन टाइप करून. लिहिलेल्यांचा आकार आणि अर्थ जास्त पक्का बसला.

तैपेकर
आणि टाइप केलेल्यांचा उच्चार जास्त पक्का बसला. त्याच प्रयोगात. ते गाळू नका.

बोरूबहाद्दर
गाळत नाही. दोन्ही हवं, फक्त आधी वही.

शंकासुर
आधी काय, नंतर काय, हे त्या प्रयोगात तपासलेलंच नाही. चीनच्या 2017 च्या नव्या पाठ्यपुस्तकाने पिनयिनच्या आधी थोडी अक्षरं आणली, 'आकाश, पृथ्वी, माणूस' पासून सुरुवात. पण त्यात मुलं आधी अक्षरं ओळखतात. चौथीपर्यंत कीबोर्ड बंद करा, असं त्यातूनही निघत नाही.