अमेरिकेतला व्हिग पक्ष इतक्या झटपट कसा संपला? आणि नंतर तसं पुन्हा का घडलं नाही?

मिलिंद_आर
१८४८ मध्ये व्हिग पक्षाचा झॅकरी टेलर राष्ट्राध्यक्ष झाला. आठच वर्षांनी या पक्षाकडे स्वतःचा उमेदवार उरला नव्हता. उरलेसुरले व्हिग दुसऱ्या पक्षाच्या (स्थलांतरितविरोधी 'नो-नथिंग') फिलमोरच्या मागे उभे राहिले, आणि दोन वर्षांचं वय असलेल्या रिपब्लिकन पक्षाने ११ राज्यं जिंकली. 'गुलामगिरीवरून पक्ष फुटला' हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. त्याच प्रश्नावर डेमोक्रॅटही फुटले, १८६० मध्ये त्यांचे दोन-दोन उमेदवार होते, तरी तो पक्ष आजही आहे. मग फरक कुठे पडला? आणि पुढे १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट, १९९२ मध्ये रॉस पेरो यांनी एवढी मतं घेऊनही नवा पक्ष का रुजला नाही?

जुनी_पोथी
फूट हे अर्धंच कारण. व्हिगांचं मूळ भांडवल म्हणजे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनला विरोध, आणि त्यासोबत बँक, आयातकर, रस्ते-कालवे. १८५० पर्यंत जॅक्सन इतिहासजमा झाला होता आणि कॅलिफोर्नियाच्या सोन्यानंतर आलेल्या तेजीत बँक-आयातकराच्या भांडणातली धग गेली होती. म्हणजे गुलामगिरीचा घाव बसण्याआधीच मतदाराला 'आम्हालाच का निवडायचं' हे सांगणं पक्षाला जड जात होतं.

१८५२ चं बाल्टिमोरचं अधिवेशन बघा. ५३ फेऱ्यांनंतर विनफिल्ड स्कॉट उमेदवार ठरला. उमेदवार उत्तरेच्या मनासारखा, जाहीरनामा गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या मनासारखा, त्यामुळे दोन्हीकडचे नाराज. निकाल: डेमोक्रॅट पिअर्सला २५४ इलेक्टोरल मतं (राज्य जिंकणाऱ्याच्या पदरात पडणारी, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं), स्कॉटला ४२, राज्यं फक्त चार. त्याच वर्षी पक्षाचे बडे नेते क्ले आणि वेबस्टर दोघेही वारले. त्यात स्कॉटच्या प्रचारात कॅथलिक स्थलांतरितांची मनधरणी झाली. ती मतं मिळाली नाहीतच, वर स्थलांतरितांवर खार खाणारे जुने व्हिग बिथरले. 'नो-नथिंग' पक्षाला पुढे हेच लोक मिळाले.

यानंतर मे १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा. १८२० च्या तडजोडीने मिसुरीच्या पश्चिमेकडच्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती, ती उठली. गंमत अशी की हे विधेयक डेमोक्रॅट डग्लसचं आणि मारही डेमोक्रॅटांनाच बसला. त्याच्या बाजूने मत देणाऱ्या उत्तरेतल्या ४४ डेमोक्रॅट प्रतिनिधींपैकी फक्त ७ पुन्हा निवडून आले. विरोधी पक्षाला यापेक्षा चांगली संधी कुठली? पण उत्तरेतल्या संतापलेल्या मतदारापुढे तोवर दोन नवी दुकानं ('नो-नथिंग' आणि रिपब्लिकन) उघडली होती, आणि व्हिगांचे दक्षिणेतले बहुतेक खासदार याच कायद्याच्या बाजूने गेले होते. त्यांच्यासोबत एका छत्राखाली राहून 'आम्ही विरोधक' म्हणणं उत्तरेतल्या व्हिगांना अवघड झालं.

डेमोक्रॅट टिकले, कारण उत्तरेत मार खाल्ला तरी दक्षिण जवळजवळ पूर्ण हातात राहिली. यादवी युद्धात दक्षिण फुटून गेली तेव्हा न्यू यॉर्क शहरासारख्या ठिकाणची पक्की संघटना आणि आयरिश मतं होती. १८६४ मध्ये त्यांचा उमेदवार मॅक्लेलन हरला, पण ४५ टक्के मतं घेऊन. व्हिगांचा असा एकही बालेकिल्ला नव्हता.

कागदपत्रे
वरच्या प्रतिसादात एक यांत्रिक बाजू राहिली, आणि माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

१८५४ मध्ये सरकारी मतपत्रिका नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या सगळ्या उमेदवारांची यादी स्वतः छापायचा. कार्यकर्ते मतदान केंद्राबाहेर ती वाटायचे आणि मतदार तीच पेटीत टाकायचा. म्हणजे नवा पक्ष काढायला लागायचं काय? जिल्ह्यातला एक छापखाना (तो बहुधा स्थानिक वर्तमानपत्राचाच), उमेदवारांची यादी आणि केंद्रांवर उभी राहणारी माणसं. नोंदणी नाही, सह्यांची मोहीम नाही. जुलैमध्ये मिशिगनमधल्या जॅक्सन गावात अधिवेशन भरवून रिपब्लिकनांना नोव्हेंबरात राज्य जिंकता आलं ते यामुळेच.

याच पद्धतीची दुसरी बाजूही आहे. १८६० मध्ये 'दक्षिणेत लिंकनचं नाव मतपत्रिकेवरून वगळलं' असं सर्रास लिहिलं जातं. वगळायला सरकारी मतपत्रिकाच नव्हती. पुढे फुटून निघालेल्या ११ राज्यांपैकी व्हर्जिनिया सोडल्यास त्याच्या चिठ्ठ्या छापून वाटायला कोणी धजावलं नाही. (साउथ कॅरोलायनात तर इलेक्टर विधिमंडळच निवडायचं, लोकांचं मतदानच नव्हतं.)

१८८८ पासून मॅसॅच्युसेट्सने सुरुवात करून राज्यांनी सरकारी, गुप्त मतपत्रिका आणली. मतखरेदी रोखायला ती गरजेची होती, हे मान्य. पण आता मतपत्रिकेवर कोण येणार हे कायदा ठरवणार, आणि कायदा करणारे दोन प्रस्थापित पक्ष. मग किती सह्या हव्यात, मुदत कधी संपते, मागच्या वेळी किती टक्के मतं होती, अशा अटी आल्या. प्रत्येक राज्याच्या वेगळ्या.

मिलिंद_आर
छापील चिठ्ठ्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण पॉप्युलिस्टांनी (शेतकऱ्यांचा पक्ष) तर १८९२ मध्ये २२ इलेक्टोरल मतं मिळवली, म्हणजे सरकारी मतपत्रिका आल्यानंतर. ते का संपले?

कागदपत्रे
त्यांची ताकद पुष्कळ ठिकाणी युतीत होती: एकच उमेदवार, दोन पक्षांच्या नावाने, मतांची बेरीज. १८९० च्या दशकात अनेक राज्यांनी एका उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर एकदाच येईल असा नियम केला. मग छोट्या पक्षाने एक तर नाव पुसून घ्यायचं, नाही तर वेगळं लढून मतं फोडायची. १८९६ मध्ये त्यांनी डेमोक्रॅट ब्रायनलाच उमेदवारी दिली आणि त्याच्यातच विरघळले. न्यू यॉर्कमध्ये ही दुहेरी उमेदवारी अजून चालते, म्हणून तिथे छोटे पक्ष तग धरून आहेत. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घालायची राज्यांना मुभा आहे असा निकाल दिला.

तळ्यात_मळ्यात
रूझवेल्ट-पेरोबद्दल थोडं. रिपब्लिकनांनी खालून वर बांधलं: १८५४ मध्ये विधिमंडळं आणि प्रतिनिधीगृहाच्या जागा, १८५५ मध्ये ओहायोचा गव्हर्नर चेस, फेब्रुवारी १८५६ मध्ये १३३ फेऱ्यांनंतर प्रतिनिधीगृहाच्या सभापतिपदी नॅथॅनिएल बँक्स, आणि मग कुठे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. सेनेटर तेव्हा विधिमंडळं निवडायची, त्यामुळे राज्य जिंकलं की सेनेटची जागाही हाती यायची. रूझवेल्टने वरून सुरुवात केली. २७ टक्के मतं, ८८ इलेक्टोरल मतं, पण प्रतिनिधीगृहात मूठभर जागा. १९१६ मध्ये पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली तेव्हा त्याने ती नाकारून रिपब्लिकन ह्यूजला पाठिंबा दिला. पेरोची जवळजवळ १९ टक्के मतं देशभर सारखी पसरलेली, म्हणून इलेक्टोरल मतं शून्य. पक्ष तर त्याने १९९५ मध्ये काढला.

शिवाय विसाव्या शतकात बंडखोरांना सोपी वाट मिळाली: प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायची निवडणूक. विस्कॉन्सिनने १९०३ मध्ये राज्यभर लागू होणारा कायदा केला. नॉर्थ डकोटात १९१५ मध्ये निघालेल्या नॉनपार्टिझन लीगने वेगळा पक्ष न काढता रिपब्लिकन प्रायमरीत आपले लोक उतरवले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नरपद घेतलं. रिपब्लिकनांमधल्या बंडखोर टी पार्टीवाल्यांनी २०१० मध्ये हेच केलं. तिथे आपल्यासारखी वरून 'तिकीट' देणारी कमिटी नाही. प्रायमरी जिंकणाऱ्याला पक्षाचं नाव मिळतं, नेत्यांना तो आवडो न आवडो.