सीट दोन बोटं वर, दोन बोटं खाली: तुमचे अनुभव

मंदगती:
काल भाचीला सायकल चालवताना बघितलं. पायडल वर आलं की गुडघा थेट पोटात. एकदम माझीच आठवण झाली. दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, असं शिकताना सांगितलं होतं, ते डोक्यात पक्कं बसलं. मी वाढले, सीट तिथेच राहिली. चढ आला की मांड्या पुढून पेटायच्या, संध्याकाळी वाटीखाली ठणका. वाटायचं, आपल्यात दमच नाही. मग एकदा उंच मैत्रीण सायकल घेऊन गेली आणि देताना सीट खाली करायला विसरली. तिला शिव्या घालत बसले, तर तोच चढ न उतरता पार! दुसऱ्या दिवशी दुखलं ते कुल्ल्यांत. सायकलला तिथलेही स्नायू लागतात, हे तिशीत कळलं. तुमचं कसं? लिहा.

हाफपायडल:
दोन वर्षं नळीखालून पाय घालून चालवली. सीटची उंची हा आमचा प्रश्नच नव्हता 😄

पाना_नंबर_दहा:
टाचेची युक्ती कुणी लिहिली का? भिंतीला धरून बसा, पायडल सगळ्यात खाली, त्यावर टाच. कंबर न कलता पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. नेहमीचे बूट घालूनच करा, मी चपलेत केलं होतं. बाकी रात्री लिहितो.

उतारप्रेमी:
माझं उलट. ते ०.८८३ चं सूत्र आहे ना, जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची गुणिले ०.८८३, आलेलं अंतर क्रँकच्या, म्हणजे पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मधोमधपासून सीटच्या माथ्यापर्यंत. मोठ्या हौशीने मोजलं, बूट घालून! ८५ आली, म्हणून सीट ७५ सेंमीवर. महिनाभर कंबर डावी-उजवी झुलत होती, खालचं पायडल गाठायला पाय बोटांवर ताणत होतो, पोटऱ्यांत गोळे, गुडघ्याच्या मागे ओढ. आणि घासून जे सोललं ते इथे लिहीत नाही. अनवाणी मोजलं तर ८२. म्हणजे सीट हवी होती ७२.४ वर.

चिंगी_सायकल:
>> इथे लिहीत नाही
लिहिलंत की 😂

गुडघेबाज:
दोघांचं दुखणं एकाच दांड्याची दोन टोकं. सीट खाली असली की गुडघा फार दुमडलेला असतानाच जोर लावावा लागतो, वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर. म्हणून दुखणं पुढून. सीट फार वर गेली की मांडीचा मागचा स्नायू आणि पोटरी ताणली जाते, म्हणून मागून. पायडल तळाला असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक, हा सर्वसाधारण हिशोब. एकदम बदलू नका, चार-पाच मिलिमीटर करा, आठवडाभर चालवा. आणखी एक, नळी तिरकी असते, त्यामुळे सीट वर घेतली की थोडी मागेही जाते. मग हात लांब पडतात, लोक हँडलला दोष देतात.

भित्रा_ससा:
सगळं पटलं, पण मी दोन्ही पाय टेकवूनच चालवणार. सिग्नलला पडलोय एकदा.

मंदगती:
अहो, थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, नळीच्या दोन्ही बाजूंना पाय. सीटवर बसून टेकायचंच नाही. भाचीलाही तेच शिकवतेय. "मावशी, मी पडेन" चालू आहे.

उतारप्रेमी:
बेल्जियमचा शर्यतपटू एडी मर्क्सही सतत सीट वरखाली करायचा. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर पडून कमरेच्या हाडाला मार बसला, त्यानंतर त्याला नीट बसताच येईना. चालत्या शर्यतीत पाना काढून उंची बदलायचा म्हणे. आपण निदान थांबून तरी करतो.

चिंगी_सायकल:
अवांतर: माझ्या सीटचा दांडा जागचा हलतच नाही. तेल घातलं, ठोकून झालं. तीन वर्षं त्याच उंचीवर आहे.

पाना_नंबर_दहा:
पोलादी फ्रेम, ॲल्युमिनियमचा दांडा? मग गंजून धरलाय. ठोकू नका, मुरणारं तेल घालून दोन दिवस राहू द्या, मग सीट धरून पिळा. निघाला की ग्रीस लावूनच परत घाला. आणि दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, ती बाहेर दिसेल इतका वर काढू नका, फ्रेम तडकते.

चिंगी_सायकल:
ते आडवे काप म्हणजे खूण होय? मला ओरखडे वाटले. ते तर कधीचे बाहेर आहेत. थांबा, बघून येते.