पातं ठोकून सरळ करू नका
दादा, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, सेसना विमानाच्या प्रोपेलरचं (पुढच्या पंख्याचं) पातं जमिनीला घासून टोक बोटभर वाकलं, ते गावातल्या लेथवाल्याकडून सरळ करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. हात जोडून सांगतो, नका करू. मिनिटाला २४०० फेऱ्यांना हे टोक ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास धावतं. ठोकलेल्या ॲल्युमिनियममध्ये बारीक चीर राहिली तर तुकडा हवेतच सुटतो.

आणि नुसतं पातं बदलूनही भागत नाही. धक्का क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनातल्या दांड्यापर्यंत जातो. इंजिन बंद पडलं नसलं तरी उघडून तपासावंच लागतं. इंजिन लायकमिंग कंपनीचं असेल तर क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरचा बोल्टही बदलतात. परवानाधारक इंजिनिअरची सही झाल्याशिवाय विमान हलवू नका.

खड्याने पडलेल्या खाचेची गोष्ट वेगळी. कडेवरून नख फिरवा, अडकलं की इंजिनिअरला दाखवा. मर्यादेत असेल तर तो बारीक कानशीने पात्याच्या लांबीच्या दिशेने उतार काढतो, मग भिंगाखाली चीर बघतो. आपल्या मराठवाड्यात धावपट्टीच्या कडेला मुरूम असतोच, म्हणून रन-अप (उड्डाणाआधी उभ्या विमानाचं इंजिन वेगात फिरवून करायची तपासणी) झाडलेल्या डांबरावरच घ्या.