इरास्मस मुंडसचा अर्ज: शिफारसपत्राचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला. घरी कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. गुलाबी बोंडअळीनं इतकं रडवलं की आता कीडशास्त्रातच एम.एस्सी. करायची आहे. युरोपच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत फी भरावी लागत नाही, वर महिन्याला १४०० युरो मिळतात. (बाबांना रुपयांत सांगितलं तर म्हणे, "कोणीतरी फसवून राह्यलं तुले!") शेवटच्या वर्षाची मुलंही अर्ज करू शकतात.

अडचण शिफारसपत्राची. सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. असं चालतं का? आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेऐवजी, शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा कॉलेजचा दाखला कोणाचा चालला आहे का? परीक्षेची फी फार जड जाते. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, म्हणून घाई.