मदत हवी आहे: अ‍ॅड्रिनलची गाठ, थेट ऑपरेशन की आधी शिरांमधलं रक्त?

चिंतातुर_लेक: आईच्या डाव्या अ‍ॅड्रिनलवर (मूत्रपिंडावरच्या हार्मोन ग्रंथीवर) १.४ सेंमीची गाठ निघालीय. सर्जन म्हणतात, दुर्बिणीने काढून टाकू. हार्मोनच्या डॉक्टरीणबाई अडून बसल्यात, आधी दोन्हीकडच्या ग्रंथींच्या शिरांमधलं रक्त तपासायचं म्हणून. सीटीत गाठ ढळढळीत दिसतेय, मग हे कशाला? उद्या होकार द्यायचाय, लवकर सांगा.

रानवाट: कोणतं हार्मोन वाढलंय तेच लिहिलं नाहीत. वय? पोटॅशियम?

चिंतातुर_लेक: बीपीसाठीच चाललंय हो सगळं. चार गोळ्यांनीही उतरत नाही. वय ५८, पोटॅशियम २.९.

शांत_७: माझ्या भावालाही अशीच गाठ होती. आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) सुरू करा, मीठ-पाणी भरपूर. त्याआधी बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) अजिबात नको, बीपी भडकतं.

रानवाट: ते फिओक्रोमोसायटोमासाठी, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनसारखी हार्मोन सोडणाऱ्या गाठीसाठी, शांत. इथे पोटॅशियम घसरलंय, म्हणजे अल्डोस्टेरॉनचा (अंगात मीठ धरून बीपी वाढवणाऱ्या हार्मोनचा) संशय. जास्त मीठ इथे घातकच.

शांत_७: संशयावर भूल देतात का? मेटानेफ्रिन (फिओक्रोमोसायटोमाची खूण) न तपासता टेबलावर घेतलं तर जिवावर बेततं. भावाच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय.

रानवाट: तपासा ना, कोण नको म्हणतंय? तपासण्याआधी औषध नको, एवढंच.

गोकर्ण: वजन वाढलंय का? बहिणीला कुशिंग (कॉर्टिसोल हार्मोन वाढण्याचा आजार) होतं. ऑपरेशननंतर कित्येक महिने हायड्रोकॉर्टिझोन (कॉर्टिसोलची गोळी) लागलं. ती गोळी मनाने बंद करायची नसते, लक्षात ठेवा.

चिंतातुर_लेक: वजन नाही वाढलं. शिरांचं सांगा ना कुणीतरी!

निळी_शाई: दिसणारी गाठ मुकी, म्हणजे हार्मोन न सोडणारी, असू शकते आणि अल्डोस्टेरॉन दोन्हीकडून किंवा उजवीकडूनच येत असू शकतं. या वयात मुक्या गाठी बऱ्याच जणांत सापडतात. डावी काढली आणि दोष दोन्हीकडे असला, तर ग्रंथी जाईल, बीपी राहील. मग उपाय गोळ्यांचाच. पस्तिशीच्या आत, पोटॅशियम खूप कमी आणि गाठ एकाच बाजूला स्पष्ट असेल तर ही तपासणी कधी वगळतात. आईंच्या बाबतीत डॉक्टरीणबाई बरोबर आहेत. मात्र उजवी शीर आखूड, थेट मोठ्या शिरेत उघडते, सुई-नळी तिथे चुकते. हात बसलेल्या रेडिओलॉजिस्टकडेच करा. रेनिन (अल्डोस्टेरॉनला चालना देणारा मूत्रपिंडातला घटक) किती आलं? तेव्हा स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉन अडवणारी, रेनिन वाढवू शकणारी गोळी) चालू होती का?

चिंतातुर_लेक: चौथी गोळी तीच आहे! रेनिनचा कागद सर्जनकडे राहिलाय.

निळी_शाई: मग उद्या होकार देऊ नका, आधी तो कागद आणा. गोळी चालू असूनही रेनिन दबलेलं असेल तर निकाल धरता येतो. नसेल तर गोळी साधारण चार आठवडे थांबवून पुन्हा तपासतात, पण ते बाईंच्या देखरेखीखालीच. आणि पोटॅशियम आजच भरून काढायला सांगा.