बाथरूमचं काम अर्धवट टाकून कॉन्ट्रॅक्टर येईनासा झालाय. तोडून नवीन करून घ्यावं की पुरावा म्हणून तसंच ठेवावं?

नमस्कार. पुण्यात सहकारनगर भागात आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, इमारत १९८९ सालची. मार्चमध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. बाथरूमचा उंबरा तिला ओलांडवेना, म्हणून दोन्ही बाथरूम नवीन करायचं ठरवलं. उंबरा काढायचा, न घसरणाऱ्या फरश्या, भिंतीला धरायला दांडे, कमोड थोडा उंच. शिवाय स्वयंपाकघराचा ओटा. ओळखीतून मिळालेल्या कॉन्ट्रॅक्टरने ४ लाख ६० हजारांचं कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि मी 'ठीक आहे, सुरू करा' असं लिहिलं. करार म्हणून एवढंच. गणपतीच्या आत सगळं पूर्ण होणार होतं. आता नवरात्र संपलं.

आतापर्यंत ३ लाख ४० हजार दिलेत. २ लाख ६० हजार यूपीआयने, ८० हजार रोख. रोखीची पावती नाही, पण 'पैसे मिळाले मॅडम' हा त्याचा मेसेज आहे.

एक बाथरूम 'झालं' म्हणून त्याने ताब्यात दिलं. बादलीभर पाणी ओतलं की ते नाहणीच्या जाळीकडे न जाता दाराकडे येतं, आणि उंबरा काढल्यामुळे सरळ पॅसेजमध्ये. आईचा वॉकर तिथूनच जातो. नाण्याने फरश्या ठोकून पाहिल्या, तर जमिनीवरच्या २२ पैकी १४ पोकळ वाजतात. कमोडमागची एक टाइल सुटून पडली. तिच्या पाठीवर चार कोपऱ्यांत सिमेंटचे चार गोळे, मधे काहीच नाही. कोटेशनमध्ये 'कोब्यावर ४८ तास पाणी साठवून बघणे' असं स्पष्ट लिहिलंय (कोबा म्हणजे फरशीखालचा, पाणी न झिरपू देणारा थर), पण माझ्या फोनमधल्या फोटोंच्या तारखा पाहिल्या तर कोबा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी फरशी बसलीये. पंधरा दिवस वापरलं आणि खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ओल आली, आता पोपडे पडताहेत. काकू काही बोलल्या नाहीत, पण मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते.

दुसऱ्या बाथरूममध्ये नुसती तोडफोड झालीये, पाइप भिंतीतून बाहेर आलेत. ओट्याचा ग्रॅनाइट आलाच नाही. आधी 'लेबर गावी गेलंय', मग 'उद्या प्लंबर पाठवतो', आणि शेवटी 'आधी ९० हजार टाका, मग माणसं येतील'. मी नाही म्हटल्यापासून फोन उचलत नाही. पोलीस चौकीत सांगितलं की हे दिवाणी प्रकरण आहे. एकांनी महारेरा सुचवलं, पण तिथे बिल्डरने विकलेल्या घरांच्या तक्रारी चालतात, अशा दुरुस्तीच्या नाहीत असं कळलं.

माझी खरी अडचण पुढे आहे. एक चांगला मिस्त्री मिळालाय, सोमवारपासून यायला तयार आहे, पण तो म्हणतो सगळं तोडावंच लागेल. भाऊ म्हणतो, तोडलंस की पुरावा गेला, मग तक्रार कशाच्या जोरावर करणार? दोघांचंही पटतं. तोवर आई रोज सकाळी वॉकर घेऊन शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाते. जिच्यासाठी हे सगळं केलं तिलाच हे सोसावं लागतंय, हे मला सहन होत नाही.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. आधी तक्रार की आधी दुरुस्ती? व्हॉट्सॲपवरचं कोटेशन चालतं का? कॉन्ट्रॅक्टरचा टाइल कटर आणि घोडा (उंचावर काम करताना चढायचा स्टँड) आमच्याकडेच पडलाय, तो अडवून ठेवावा का?

प्रतिसाद

ताई, मी सिव्हिल इंजिनिअर आहे, आता निवृत्त. अशा कामांची पाहणी करून बरेच अहवाल दिलेत. तुमच्या भावाची भीती खरी आहे, पण त्यासाठी आईंना महिनोन्महिने शेजारी पाठवायची गरज नाही. फक्त सोमवार आठवडाभर पुढे ढकला.

आजच कॉन्ट्रॅक्टरला लेखी नोटीस द्या: स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, आणि तीच व्हॉट्सॲपवरही. त्यात एक तारीख आणि वेळ द्या, की या दिवशी स्वतंत्र इंजिनिअर पाहणी करणार आहेत, तुम्ही हजर राहा. आला नाहीत तर पाहणी तुमच्याशिवाय होईल आणि काम दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च तुमच्याकडून मागितला जाईल. तो आला नाही तरी बोलावल्याचा पुरावा उरतो. पाहणीत उताराचं माप, पोकळ फरश्यांचा नकाशा, खालच्या छताचे फोटो, सगळं अहवालात येऊ द्या. त्याच्याच कोटेशनचे दर धरून तीन रकाने करायला सांगा: नीट झालेलं, चुकीचं झालेलं, न झालेलं. मागणीचा आकडा त्यातूनच निघाला पाहिजे, अंदाजाने लिहिलेला आकडा टिकत नाही. तोडताना सलग व्हिडिओ काढा. दोन-तीन फरश्या आणि कोब्याचा तुकडा पोत्यात घालून, तारीख लिहून ठेवून द्या.

खालच्या घरात पाणी झिरपत असताना नुसतं थांबून राहणं उलट तुमच्याच विरोधात जाऊ शकतं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये भरपाई ठरवताना नुकसान टाळायला काय करता आलं असतं हेही पाहतात.

कोटेशन, तुमचा होकार आणि पैसे एवढ्यावर करार सिद्ध होतो. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागतं ते) जोडा आणि मूळ फोन विकू नका. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत २ वर्षांची, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यामुळे शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, कधी कधी तेवढ्यानेही माणूस बोलायला येतो.

अवजारं मुळीच अडवू नका. तो उलट तुमच्यावरच तक्रार करेल. यादी करा, सही घ्या, फोटो काढा आणि देऊन टाका. आणि ९० हजारांतला एक रुपयाही देऊ नका.

धागाकर्ती

काका, खूप खूप आभार. नोटीस काल टाकली, पुढच्या गुरुवारी सकाळी ११ ची पाहणी ठेवलीये. मिस्त्री थांबायला तयार झाला. गंमत म्हणजे नोटीस व्हॉट्सॲपवर गेल्यावर तासाभरात कटर आणि घोडा न्यायला कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आला. यादीवर सही घेऊन दिलं. काकूंनीही छताचे फोटो काढायला आनंदाने परवानगी दिली, वर 'पाहणीच्या वेळी मी घरीच थांबते' म्हणाल्या.

आता एकच राहिलं. सहकारनगर-धनकवडीच्या आसपास पाहणी करून सहीशिक्क्याचा लेखी अहवाल देणारे इंजिनिअर कुणाच्या माहितीत असतील, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बुधवारपर्यंत ठरायला हवं.